खोका कुठे ठेवायचा?

मागच्या मे महिन्यात मावसभावाचा फोन आला. "तू इंजिनिअर ना? मंग सांग, पिकअपच्या केबिनमध्ये सबवूफर बसवायचा तर खोका कुठं ठेवायचा?"

मी सॉफ्टवेअर लिहितो. डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची, पण ती घेऊन सात वर्षं झाली. नातेवाइकांना हा फरक मान्य नाही. वायफाय बंद पडला, मिक्सर जळाला, विहिरीवरची मोटर उचलत नाही, सगळं खातं माझं. शिवाय महाराष्ट्रात सध्या 'खोका' म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात किती. आमचा खोका लाकडी होता आणि एकच होता, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

मावशीचं घर राळेगणसिद्धीला आहे. नगर जिल्हा (आता अहिल्यानगर), पारनेर तालुका. पुणे–नगर रस्त्याने शिरूर ओलांडलं की वाडेगव्हाणच्या बाजूने आत वळायचं. गावाचं नाव सांगितलं की समोरचा विचारतोच, "अण्णांचं ना?" हो, अण्णांचंच. पण अण्णा हजारे गावाला पाणलोटाचे धडे देण्याआधी लष्करात ट्रक चालवायचे, ते फार कुणाला आठवत नाही. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात त्यांच्या ट्रकवर हल्ला झाला, बरोबरचे जवान गेले आणि हे वाचले. १९७५ मध्ये ते गावी परतले. त्यामुळे स्टिअरिंगमागे रात्र काढणारा माणूस काय असतो हे या गावाला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

मावसभाऊही रात्रीच निघतो. पारनेरचा कांदा आणि मिळेल तो भाजीपाला भरून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटेच्या आत पोचायचं, उजाडल्यावर परत. त्याचं म्हणणं साधं होतं. दारातल्या कंपनीच्या स्पीकरवर गाणं लावलं की कानाला ऐकू येतं, पण झोप जात नाही. बेस असला की झोप जाते. "कानानं माणूस जागा राहत नाय भावा, छातीनं राहतो." रांजणगाव ते शिक्रापूर या पट्ट्यात पहाटे तीनला ज्यांनी गाडी चालवली आहे, त्यांना यात शौक दिसणार नाही.

मी शनिवारी टेप घेऊन गेलो.

सिंगल केबिन पिकअपमध्ये जागा नसतेच. सीटची पाठ आणि मागचा पत्रा यांच्यात वीतभर, तीही वर निमुळती होत गेलेली. सीटखाली जॅक, पाने, ताडपत्रीचे दोर आणि कागदपत्रांची पिशवी. क्लीनरच्या पायाशी थोडी मोकळी जागा, पण तिथे पाय असतात. गावातल्या पोरांचा सल्ला होता की मोठा खोका बनवून मागे हौद्यात ठेव. तो मी लगेच बाद केला. हौद्यात कांदा असतो, आणि केबिनबाहेरचा खोका गाववाल्यांसाठी वाजतो, ड्रायव्हरसाठी नाही.

वीतभर जागेत बेस बसू शकतो, ही गोष्ट स्वतःहून घडलेली नाही. तिला सत्तर वर्षांचा इतिहास आहे.

पडदा आणि हलती कॉइल असलेला आजच्या पद्धतीचा स्पीकर १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी मांडला. त्याची जुनी कटकट अशी की पडदा पुढे आला की पुढे दाब वाढतो आणि त्याच क्षणी मागे कमी होतो. दोन्ही लाटा काठावरून वळून एकमेकींना भेटतात आणि मोडतात. उंच स्वरांचं यात फार बिघडत नाही, खालचे स्वर मात्र मरतात. म्हणून स्पीकर खोक्यात घालायचा, म्हणजे मागची लाट आत कोंडली जाते. पण खोका लहान केला की आतली हवा ताठ होते आणि पडद्याला हलू देत नाही. त्यामुळे १९५० च्या आसपास चांगला बेस हवा तर कपाटाएवढा खोका लागायचा.

अमेरिकेत एडगर व्हिल्चर नावाच्या माणसाने १९५४ मध्ये हे उलटं केलं. हवा ताठ होणारच असेल तर पडदाच ढिला करा, त्याला परत आणणारी स्प्रिंग म्हणून आतली हवाच वापरा. त्यातून बंद, लहान खोक्याचा स्पीकर आला. त्यानंतर १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल यांनी कुठल्या स्पीकरला किती लिटरचा खोका हे गणितात बसवलं. आज ऑनलाइन मागवलेल्या दहा इंची सबवूफरच्या कागदावर जे आकडे छापलेले असतात, त्यांना या दोघांचंच नाव आहे. सुतार अंदाजाने जे करायचा ते सूत्र झालं. मी त्याच सूत्राने आमचा खोका काढला: आतून ८० सेंटिमीटर रुंद, ३२ उंच, ९ खोल, म्हणजे साधारण २३ लिटर. १८ मिलिमीटरचा एमडीएफ. स्पीकर उथळ बनावटीचा, नाहीतर ९ सेंटिमीटरमध्ये त्याचं चुंबकच मावत नाही.

मोटारीत आवाज बसवणं हा पहिल्यापासून जागेचा प्रश्न आहे. १९३० मध्ये अमेरिकेत पॉल गॅल्विनने मोटारीसाठी रेडिओ विकायला काढला आणि मोटरवरून त्याचं नाव 'मोटोरोला' ठेवलं, तेव्हाही प्रश्न हाच होता की हे सगळं ठेवायचं कुठे. आमच्याकडे प्रश्न वेगळा होता. आमच्याकडे गाडीतला आवाज गाडीत बसलेल्यांसाठी नव्हताच. तो बाहेरच्यांसाठी होता.

गांधीजींचे सभेतले फोटो नीट बघा. पुष्कळ फोटोंत माइकवर एक पाटी दिसते: शिकागो रेडिओ. नाव शिकागोचं, पण कंपनी मुंबईच्या मोटवाने कुटुंबाची. काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवणं हे त्यांचं काम होतं. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला, त्या खटल्यात नानिक मोटवाने हेही आरोपी होते, पुढे सुटले. या कंपनीचा कारखाना नाशिक रोडला. म्हणजे देशाला लाखोंच्या सभेत ऐकू येईल असा आवाज देणाऱ्या खटाटोपात महाराष्ट्राचा हात होता.

आणि ज्या गाडीवर तो आवाज गावोगाव फिरला, तिच्यात आमच्या नगरचा. नवलमल फिरोदिया अहमदनगरचे. १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली ती हॅम्बुर्गच्या 'टेम्पो' गाड्या बनवणाऱ्या कंपनीशी करार करून. जर्मन कंपनीचं नाव आपल्याकडे सामान्यनाम झालं. आज कुठल्याही कंपनीची मालगाडी असो, आई 'टेम्पो आला' असंच म्हणते. निवडणूक, लसीकरण, तमाशा, बुडालेल्या पतसंस्थेची सभा, सगळ्याची दवंडी टेम्पोवर बांधलेल्या कर्ण्यातून झाली. नारायणगावला तमाशाच्या राहुट्या आमच्यापासून फार लांब नाहीत. फडाचे ट्रक गावात शिरले की आधी कर्णा बोलायचा, मग लोक दिसायचे.

इथे कर्ण्याबद्दल जरा थांबतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कर्णा, किंवा भोंगा म्हणा, हे अत्यंत काटकसरी यंत्र आहे. थोड्या वॅटमध्ये खूप लांब जातं. पण ते माणसाच्या बोलण्याच्या पट्टीत. ढोलाचा घुमारा त्यातून निघत नाही, पत्र्याची थाप निघते. दुसरं म्हणजे कर्ण्याला तोंड असतं. ज्या बाजूला तोंड, त्या बाजूला आवाज. मागे उभं राहिलं तर निम्म्याहून कमी ऐकू येतं. त्यामुळे गावातलं कर्ण्याचं भांडण सोडवायची एक ठरलेली रीत होती. मावशीच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळी भावंडं आजी म्हणतो, त्यांच्या तोंडी ते वाक्य अजून आहे: "आरं, त्याचं त्वांड तिकडं फिरवा." परीक्षेचे दिवस असले, कुणी आजारी असलं, कुणाच्या घरी दुखवटा असला की एक पोरगा खांबावर चढायचा आणि कर्णा शेताकडे वळवायचा. कार्यक्रमही चालू, आजारी माणूसही झोपलेला. तंट्याला उत्तर होतं, कारण आवाजाला दिशा होती.

बेसला दिशा नसते. ही उपमा नाही, भूमिती आहे. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. ४० हर्ट्झचा स्वर घेतला तर एका लाटेची लांबी साडेआठ मीटरहून जास्त. दहा इंचाच्या पडद्याला एवढ्या लाटेला वळण लावता येत नाही. ती गोल पसरते, पुढे जेवढी तेवढीच मागे. आणि अडवायची म्हटलं तरी पंचाईत. भिंतीचा ढोबळ नियम असा की स्वर निम्म्यावर आला की तीच भिंत ६ डेसिबल कमी अडवते. बोलणं जिथे थांबतं तिथे ४० हर्ट्झ आरामात आत येतो. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ज्या गावाने करून दाखवलं, तिथेही हा स्वर अडणार नाही आणि जिरणारही नाही.

केबिनमध्ये मात्र याच गुणाचं सोनं होतं. केबिन दीड-दोन मीटरची, लाट साडेआठ मीटरची. लाटेला आत पसरायला जागाच नाही. मग स्पीकर लाट सोडत नाही, तो सायकलच्या पंपासारखा अख्ख्या केबिनची हवा दाबतो आणि सोडतो. स्वर जितका खाली, तितकी ही दाबादाबी जास्त परिणामकारक. हिशोबाने दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत वाढ. आणि बंद खोक्याचा स्पीकर खाली जाताना नेमका तेवढ्याच उताराने कमी होत जातो. एकाची चढण, दुसऱ्याची उतरण. प्रत्यक्षात पत्रा लवतो, दारांच्या फटीतून हवा जाते, काच थोडी खाली असते, त्यामुळे एवढं नेटकं जुळत नाही. तरी बंगल्याच्या हॉलमध्ये हजारो रुपये घालून मिळणार नाही इतका खोल बेस कांद्याच्या पिकअपमध्ये फुकट मिळतो, हे खरं आहे.

म्हणून 'खोका कुठे ठेवायचा' या प्रश्नाचं भौतिकशास्त्राचं उत्तर जरा निराशाजनक आहे: अगदी खालच्या स्वरांसाठी कुठेही ठेवा. फरक पडतो तो त्याच्या वरच्या पट्टीत, साधारण ८० ते १५० हर्ट्झमध्ये, आणि खडखडाटात. आम्ही तिन्ही जागा करून बघितल्या. क्लीनरच्या पायाशी ठेवला तर आवाज सरळ डाव्या बाजूने येतोय असं कळत होतं. सीटखाली, तोंड जमिनीकडे करून ठेवला तर पाने आणि जॅक यांनी वेगळंच भजन धरलं. सीटमागे, तोंड मागच्या पत्र्याकडे केलं तर पत्रा सुतारासारखा ठोकू लागला. शेवटी सीटमागेच, पण तोंड पुढे, सीटच्या पाठीकडे, मध्ये तीन सेंटिमीटर मोकळे सोडून. मागच्या पत्र्याला आतून डांबरी शीट चिकटवली. खोका चार बोल्टांनी चौकटीला आवळला, कारण पंधरा किलोचा खोका आणि जोराचा ब्रेक यांची गाठ ड्रायव्हरच्या मानेशी पडते. बॅटरीच्या वीतभर अंतरात ३० अँपियरचा फ्यूज टाकला. हे शेवटचं कुणी करत नाही. करा. तार पत्र्याला घासून उघडी पडली तर फ्यूजच गाडी वाचवतो.

रात्री नऊला पहिल्यांदा लावला. काचा बंद. मावसभावाने डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि काहीच बोलला नाही. मग त्याने अख्ख्या गल्लीतल्या पोरांना एकेक करून आत बसवलं, एकाला एक गाणं. मी बाहेर उभा राहून अभियंता असल्याचा अभिमान वगैरे बाळगत होतो.

तो पावणेबाराला कांदा घेऊन निघाला. मी ओसरीवर झोपलो होतो. पिकअप सुरू झाली, ओट्यापाशी मिनिटभर थांबून इंजिन गरम केलं, गेली. गाणं कुठलं ते मला बाहेर ऐकू आलं नाही. शब्द नाहीत, चाल नाही. फक्त खिडकीचं तावदान तालात थरथरत होतं. मला वाटलं, छान, आतला आवाज आतच राहिला. सकाळी आजी चहाच्या वेळी म्हणाल्या, "रातच्याला काय वाजत व्हतं रं? कानाला नव्हतं. हितं वाजत व्हतं." आणि त्यांनी पदरावरून छातीवर हात ठेवला. नेमका त्याच जागी, जिथे रात्री नातवाने ठेवला होता.

त्यांचं हृदयाचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली आहेत. हे मला माहीत होतं. खोक्याचे लिटर काढताना ते सूत्रात कुठे आलं नाही.

मी इंजिनिअरसारखाच वागलो, म्हणजे मोजायला गेलो. दुसऱ्या रात्री आजींच्या खोलीत फोनवर डेसिबलचं अ‍ॅप लावून बसलो. पिकअप ओट्यापाशी तशीच उभी करायला लावली. अ‍ॅपने आकडा दाखवला: ४६. तावदान थरथरतंय, पितळेच्या तांब्यावरचं फुलपात्र वाजतंय आणि आकडा ४६. ध्वनिप्रदूषणाचे जे नियम २००० मध्ये आले, त्यात निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. म्हणजे आमची चूक एका डेसिबलची. कुठल्याही अधिकाऱ्याने हसून सोडून दिलं असतं.

मग मी अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये गेलो. तिथे 'ए' असा पर्याय निवडलेला होता. तो 'सी' केला. आकडा ७३ झाला. फोनचा माइक खालचे स्वर मुळात कमी ऐकतो, त्यामुळे खरा आकडा याहून मोठाच असणार. एकच खोली, एकच गाणं, दोन आकडे. त्यांच्यातलं अंतर २७.

हे 'ए' काय आहे? १९३३ मध्ये अमेरिकेत बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी लोकांच्या कानाला रिसीव्हर लावून एक प्रयोग केला. वेगवेगळ्या उंचीचे स्वर सारखेच मोठे वाटायला प्रत्यक्षात किती जोर लागतो? उत्तर असं की मंद आवाजात आपला कान खालच्या स्वरांना जवळजवळ बहिरा असतो. आवाज मोठा होत गेला की हा बहिरेपणा कमी होतो. त्यावरून आवाज मोजायच्या यंत्रांत गाळण्या बसवायचं ठरलं: मंद आवाजांसाठी ए, मधल्यांसाठी बी, मोठ्यांसाठी सी. ए गाळणी ४० हर्ट्झच्या स्वरातून जवळपास ३५ डेसिबल वजा करते. सी गाळणी फक्त दोन.

म्हणजे ४० हर्ट्झचा ८० डेसिबलचा स्वर ए यंत्रावर ४५ दिसतो. आपल्या कायद्याची रात्रीची मर्यादाही नेमकी ४५ आहे.

पुढे बी विस्मरणात गेलं, सी कोपऱ्यात पडलं आणि जगभरातल्या नियमांनी सगळ्या आवाजांसाठी एकटं ए उचललं. ते सोपं होतं, आणि कारखाने, वाहतूक, कर्णे यांच्यासाठी ठीकही होतं. आपल्या नियमांतही डेसिबलपुढे कंसात ए आहे. कंसातलं ते एक अक्षर वाचायला कुणी थांबत नाही, मीही इतकी वर्षं थांबलो नव्हतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहून ठेवलंय की खालचे स्वर जास्त असतील तर ए पुरेसं नाही, सी आणि ए यांतला फरक बघा. ही सूचना आपले नियम यायच्या आधीची आहे.

कायद्याने काहीच केलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. १८ जुलै २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा ध्वनिप्रदूषणाचा निकाल मी त्याच आठवड्यात वाचून काढला. याचिका १९९८ ची, अनिल मित्तल यांची. ते व्यवसायाने इंजिनिअर, हे वाचून मी जरा सावरून बसलो. याचिकेमागचं तात्कालिक कारण असं: तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला आणि तिच्या हाका शेजारच्या लाउडस्पीकरच्या आवाजात बुडाल्या. पुढे तिने स्वतःला जाळून घेतलं. आपण ज्याला 'आवाजाचा त्रास' म्हणतो, त्या विषयाच्या मुळाशी ही एक न ऐकलेली हाक आहे.

त्या निकालात खाजगी साऊंड सिस्टिमबद्दलही आदेश आहे: खाजगी जागेच्या हद्दीवर तिचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. मी त्या वाक्यावर बराच वेळ अडलो. पिकअपची केबिन ही खाजगी जागा. तिची हद्द कुठे? पत्र्यावर? आणि पिकअप वेशीतून वेशीकडे चालली असेल तर हद्दही तिच्याबरोबर चालते का? हा निकाल यायच्या दोनच महिने आधी, मे २००५ मध्ये, टाटा एस बाजारात आली होती. आपण तिला 'छोटा हत्ती' म्हणतो. पुढच्या काळात गावोगाव छोट्या मालगाड्या झाल्या आणि त्यांच्यावर खोके चढले. मिरवणुकीत कर्ण्यांची जागा सबवूफरच्या भिंतींनी घेतली. निघोजच्या मळगंगेच्या यात्रेपासून कोल्हापूरच्या गणपतीपर्यंत हेच. सातारा-सांगलीकडे त्याला 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बीने १९६५ मध्ये लंडनला कंपनी काढली ती टेपमधली खरखर कमी करायला. आवाज कमी करणाऱ्याचं नाव आपण कशाला दिलं बघा. मग 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव' अशा मोहिमा निघाल्या आणि २०१८ च्या गणेशोत्सवात डीजे-डॉल्बीवरची बंदी उठवायला मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. मिरवणुकीचं निदान दिसतं तरी. पंधरा फुटांची भिंत पोलिसाला दिसते. सीटमागचा वीतभर खोका दिसत नाही, आणि यंत्रावर तो ४६ असतो.

मावसभावाला मी हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजे मी कायद्यात बसतो." मी म्हटलं, जवळपास. "मंग आजीला सांग ना." तो उद्धट नाही. त्याचाही मुद्दा होता. मागच्या वर्षी त्याच्या ओळखीचा एक ड्रायव्हर नगर रोडला डुलकी लागून उभ्या ट्रेलरवर गेला. "तिकडं मी झोपलो तर आजीच्या छातीत काय व्हईल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा मावशीचे यजमान, जे एरवी माझ्या कुठल्याही तांत्रिक चर्चेत पडत नाहीत, ते बोलले. राळेगणची पंचसूत्री तुम्हाला शाळेच्या पुस्तकातून माहीत असेल: नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान. त्यातली चराईबंदी गळी उतरवायला सोपी नव्हती, असं ते म्हणाले. "शेळी माझी, पोट माझं. डोंगर कुणाचा? कुणाचाच नाय. मंग चारली तर काय बिघडलं? असंच म्हणायचे सगळे." डोंगर कुणाचाच नाही म्हणजे सगळ्यांचा, हे समजायला वेळ गेला. आणि शेळ्या विकायला कुणी सांगितलं नव्हतं. दावणीला बांधून चारा घाला, एवढंच. ते पुढे काही बोलले नाहीत, दुधाची किटली घेऊन डेअरीकडे गेले.

आजींनी आपला जुना उपाय सुचवला होताच: खोक्याचं तोंड फिरव. खोट्या समाधानासाठी आम्ही तोही करून बघितला. तोंड डावीकडे, तोंड वर. आजींच्या खोलीतला सीचा आकडा एका डेसिबलनेही हलला नाही. खोक्याला तोंड होतं, आवाजाला नव्हतं.

मग खोका राहिला तिथेच राहिला आणि मी अ‍ॅम्पला एक लांब वायर लावून बेसचा वेगळा नॉब डॅशबोर्डवर आणला, गिअरच्या वर, अंधारात हाताला लागेल असा. वहिनीने त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. ठिपका कुठे द्यायचा ते मी आजींच्या खोलीत बसून फोनवर सांगत होतो आणि आजी तांब्यावरच्या फुलपात्राकडे बघत होत्या. मी आकडा ६० च्या खाली आल्यावर थांबा म्हणालो. आजींनी अजून थोडं खाली नेलं. त्यांचं यंत्र माझ्यापेक्षा चांगलं होतं. गावाच्या शेवटच्या घरापर्यंत नॉब ठिपक्यावर, त्याच्या पुढे त्याची मर्जी. येतानाही तसंच. वाटेत इतर गावं लागतात आणि तिथेही कुणाच्या आजी झोपलेल्या असतात, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. वाडेगव्हाणपर्यंत तो नॉबला हात लावत नाही, असं तो सांगतो. हायवेला लागल्यावर काय करतो ते मी विचारलेलं नाही.

गेल्या महिन्यात परत फोन आला. आवाज मस्त आहे, पण सीट दोन बोटं पुढे आल्यामुळे शिरूर सोडल्यावर कंबर धरते. अजून पातळ खोका करता येईल का? सात सेंटिमीटर खोलीत मावणारा स्पीकर मिळतो, पण लिटर भरून काढायला रुंदी वाढवावी लागेल, आणि उजव्या बाजूला सीटबेल्टचा खिळा आडवा येतो. रविवारी परत टेप घेऊन जाणार आहे.